सासूबाईंच्या नवसाचे शिक्के

...आणि वर ती धर्मशाळेची बाई दारातच मला विचारते, "आजचा दुसरा शिक्का कुठाय?" अहो, शिक्का कुठाय काय! पायाला फोड, पाठीवर ओझं आणि मागून मेलेली सासू चालत येतेय, तिथे शिक्का कुणाच्या लक्षात राहणार, तुम्हीच सांगा!

हसू नका. तुम्हाला सांगते, आमच्या सासूबाईंनी, एतेल्विनाबाईंनी, नवस बोलला होता. माझा नवरा, अमान्सिओ, लहानपणी धान्याच्या कोठारावरून पडला, तेव्हा. "पोर वाचू दे, संत याकोबाच्या समाधीला सांतियागोपर्यंत पायी येईन." पोर वाचलं! आणि ह्या दरवर्षी म्हणायच्या, "यंदा बटाटे निघू देत, मग जाते." बटाटे निघत राहिले, आणि गेल्या हिवाळ्यात त्याच निघून गेल्या.

म्हणजे... निघाल्या कुठे! पुरून आलो त्या आठवड्यातच स्वयंपाकघरात काठी वाजायला लागली. टक... टक... टक. चुलीपाशी यायची आणि थांबायची. मग कोबीच्या रश्शावरचं झाकण हलायचं. मी लांब उभी हं! जिवंतपणी तश्शाच झाकण उचलून म्हणायच्या, "देल्मिरा, अगं हे काय, पाणी उकळलंयस?" आमची गाय दाराकडे बघून बाजूला सरकायची, वाट द्यायची. अमान्सिओ खुर्चीत बसून नुसता रडायचा. त्याला जेवण जाईना.

शेवटी आमचे पाद्री, फादर वेनान्सिओ, म्हणाले, "नवस राहिलाय तिचा. घरातल्या कुणीतरी चालून यायला हवं. सांतियागोच्या कचेरीत यात्रेचा दाखला देतात, त्यावर तिचं नाव घालतात, ती सोय आहे." आता ज्याच्यासाठी नवस, त्याचा गुडघा सुजलेला! म्हणजे राहिलं कोण? सून! वर पाद्री बोट नाचवत म्हणतात, "शेवटचे शंभर किलोमीटर तरी चालायचं. आणि यात्रेकरूच्या पुस्तिकेवर दिवसाला दोन शिक्के. नाहीतर चाललेलं धरत नाहीत."

"पण मी चाललेली देवाला दिसतं ना?"

"देवाला दिसतं गं. कचेरीला शिक्का लागतो."

निघाले. सारियाहून, तिथून सांतियागो शंभरावर किलोमीटर. चर्चमध्ये शिक्का, खानावळीत शिक्का. विसरून पुढे गेले की मागून टक! वळून बघावं तर कुणी नाही, आणि मलाच आठवायचं, शिक्का कुठाय? परत मागे! पोर्तोमारीनला खानावळवाल्यानं पुढ्यात दोन कॉफ्या ठेवल्या. म्हटलं, "अरे, मी एकटीच." तो माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघतो, माझ्याकडे बघतो... आणि गुपचूप एक कप उचलून नेतो. विचारलंसुद्धा नाही मी. विचारून काय करू?

आणि मेलिदेच्या अलीकडे धुकं पडलं. दिवसाउजेडी! निलगिरीचं रान, हाताचा पंजा दिसेना, आणि काठी अगदी टाचेशी. टक. टक. मी पळत सुटले! वाटेतलं छोटं देऊळ गेलं, दार उघडं होतं, आत शिक्का मारणारा म्हातारा होता, पण थांबते कोण? थेट धर्मशाळेच्या दारात. आणि तिथे ही बाई! "शिक्का कुठाय? आमचा मोडलाय, आणि पुढं सगळी दारं बंद झाली असतील. त्या देवळातच मिळेल. जा मागं, बंद व्हायच्या आत!"

मागं! त्या धुक्यात! पायरीवर बसून मी ढसाढसा रडले. आणि मग, खरं सांगते, अशी चिडले! उठले, धुक्याकडे तोंड केलं आणि ओरडले, "या हो! या एकदाच्या समोर! जन्मभर माझ्या रश्शाला नावं ठेवलीत, माझ्या बाळंतपणात रात्र रात्र उशाशीही तुम्हीच बसलात, आता मारायचं तर मारा, नाहीतर सोबत चला!"

टक.

ह्या वेळी मागून नाही. शेजारून.

चालले. भीती गेली असं नाही हं. पण ती काठी माझ्या पावलाला पाऊल देत होती, मी दमले की थांबत होती. देवळातल्या म्हाताऱ्यानं शिक्का मारला आणि दाराकडे बघून म्हणाला, "त्या आजींना आत बोलवा की. गारठल्यात."

मी म्हटलं, "त्यांचा शिक्का माझ्याच पुस्तिकेत आहे."

सांतियागोच्या कचेरीतली पोरगी सगळे शिक्के तपासून म्हणाली, "कुणाच्या नावानं?" नाव सांगितलं. "हयात नाहीत ना?" म्हटलं, "नाहीत. म्हणजे... तशा नाहीत." "तुमच्या कोण?" आणि तुम्हाला सांगते, सासू म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं काय? "आई." फोड माझे, नाव त्यांचं, आणि वर रडणारीही मीच! बाहेर पायऱ्यांवर आले, कान दिला. काठी नव्हती.

घरी सगळं शांत. झाकण जागच्या जागी. अमान्सिओ दोन वाट्या रस्सा प्यायला. मीही कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

परवा सकाळी गोठ्यातून खोकला आला. जाड, तंबाखूचा. अमान्सिओ पांढराफटक. "बाबा!" सासरे जाऊन बारा वर्षं झालीत हो!

म्हटलं, "आता ह्यांचं काय राहिलंय?"

तर खाली मान घालून म्हणतो, "फातिमाच्या मेरीमाउलीला बोलले होते... पायी येईन म्हणून."

"अरे, ते दुसऱ्या देशात, पोर्तुगालात आहे!"

"हो ना," म्हणतो, "म्हणूनच राहिलं."