दाबलं कुठं?

नाय, पण तुम्हाला सांगतो, वेबसाईट बनवणाऱ्यानं ऐकून तरी किती घ्यायचं? उस्मानपुऱ्यात माझं एवढंसं ऑफिस, अजून शटर पुरतं वर गेलं नाय, तर दारात एक म्हातारा, मागं मान खाली घातलेला त्याचा पोरगा, आन् म्हातारा म्हणतो, "सुदर्शन तूच का? मी साहेबराव. मला मारलं कुणी, तेवढं शोधून दे!"

दोघांना आत घेऊन बसवलं.

झालं असं, एका बातम्यांच्या साईटवर जाहिराती घ्यायचं पान मी बनवलेलं. दोन बटणं. वर 'दुःखद निधन', खाली 'वाढदिवस'. हा पोरगा अभय, चिकलठाण्याला कंपनीत, त्यानं हौसेनं बापाच्या पंच्याहत्तरीची जाहिरात दिली, फोटो टाकला, वाढदिवस दाबलं... आन् साईटवर काय झळकलं? साहेबराव यांचं दुःखद निधन! वैजापूरहून बहीण गोजरबाई आली ती रिक्षातनंच गळा काढत, "माझ्या दादा रंऽऽ, न भेटताच गेलास रंऽऽ!" आन् दादा ओट्यावर बसून चहा पितोय! ती तिथंच आडवी. लोकं हार घेऊन यायलेत, जिवंत माणूस बघून हार परत पिशवीत कोंबायलेत... हसू नका हो! म्हाताऱ्यानं तेव्हापासून पोराच्या घरचं पाणी सोडलं होतं.

"ह्याला घर पाह्यजे. ह्यानंच दाबलं!"

"अण्णा, देवाशपथ, मी वाढदिवसच दाबलं!"

अरे, पण दाबलं कुठं?

म्हटलं, अभय, परत दाबून दाखव. जावास्क्रिप्टमध्ये विचारता येतं बरं का, बोट नेमकं कशावर पडलं; तेवढी एक ओळ टाकली. मी दाबलं, अक्षरांवर: 'वाढदिवस'. बरोबर! अभयनं दाबलं: 'निधन'. म्हातारा उठलाच, "बघ! बघ!" म्हटलं, काका, बसा. अरे बाबा, दाबलं कुठं? तर ह्यानं दाबलेलं केकवर! बटणाच्या आत मी शोभेला केकचं चित्र घातलेलं. बोट चित्रावर पडलं की ब्राउझर म्हणतं, चित्र दाबलं. चित्राला नाव नाय. आन् नाव सापडलं नाय की माझा कोड घेतो पहिलं बटण. पहिलं कोणतं? निधन! चित्र ज्याच्या पोटात हाय तिकडं वर बघत जा, बटण सापडंल, एवढं सांगायचं राहिलं होतं त्याला... आन् माणूस गेला वर!

म्हाताऱ्यानं पोराकडं बघितलं. मग म्हणाला, "चल, घरी जेवू." अभय ढसाढसा रडायला लागला. मला वाटलं, सुटलो!

कशाचं? दारातनं म्हातारा माघारी फिरला. मोबाईल पुढं केला. निधनाच्या त्या जाहिरातीखाली दोन बटणं असत्यात, 'फूल वाहा' आन् 'फोन लावा'. तिथं नाव दिसत होतं: सोमनाथ यांनी फूल वाहिलं.

"हा माझा थोरला. पुण्याला असतो. आला नाय. फोनबी नाय." मग आवाज एकदम बारीक, "त्यानं फोन लावायलाच दाबलं असंल ना रं? केकवानी... चुकून फूल गेलं असंल?"

दाबलं कुठं?... तुम्हाला सांगतो, त्या फुलाच्या बटणात चित्र नव्हतंच. नुसती अक्षरं. शेजारचं फोनचं बटणबी तसंच. चूक व्हायला जागाच नव्हती. बाप मेल्याचं वाचून पोरानं व्यवस्थित, बरोब्बर, फुलावर बोट ठेवलं होतं. अभयनं माझ्याकडं बघितलं, मी की-बोर्डकडं.

म्हटलं, "व्हय काका. तिथंबी माझीच चूक. त्यांनी फोनच लावला होता."

काय खुलला हो म्हातारा! माझ्या पाठीवर थाप मारली, "साफ बिनकामाचा हायेस तू!" म्हणाला, आन् हसत हसत जिना उतरला. आजवर माझ्या चुकीपायी गिऱ्हाईकं भांडली, शिव्या घालून गेली, पण चूक ऐकून आशीर्वाद देऊन गेलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच... आन् तीच एक चूक मी केलेली नव्हती.