कोपऱ्यातला तिसरा

(अमरावती, १९६४चा वैशाख. धर्मपाल हा इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. प्रयोगशाळेतले तीन केशरी-पांढरे मासे सुट्टीपुरते त्याच्या घरी आले आहेत. पाणी तापू नये म्हणून काचेच्या पेटीला तीन बाजूंनी ओलं गोणपाट लावलेलं. पेटीसमोर त्याची आई भागीरथा आणि बायको शालू.)

भागीरथा — खरं सांग शालू, या पान्यात तू मीठ कायले टाकलं?

शालू — तुमी चाखून पाह्यलं, आत्याबाई?

भागीरथा — बोट बुडवून चाटलं. खारट जहर! जिवंत माशाले मीठ लावणारी बाई मी आजवर पाह्यली नाई.

शालू — अवो, समुद्रातले मासे हायेत ते. मुंबईहून रेल्वेनं डब्यात आले. खाऱ्या पाण्यातच जगतात.

भागीरथा — तुह्याजवय हरेक गोष्टीचं उत्तर तयार असते.

शालू — तुमी इचारता, म्हणून सांगते.

भागीरथा — मंग हे बी सांग. दोघं मजेत फिरून राह्यले, अन् तो बारका तठी कोपऱ्यात. शेपटी कुरतडेल हाये त्याची. कोनं कुरतडली?

शालू — त्या मोठीनं.

भागीरथा — मोठीनं? माय वो! तो थोराड नर हाये.

शालू — नाई. या जातीत बाईच मोठी असते. तिच्या मागं मागं फिरते तो मधला, तो नवरा. ती अंगावर धावली का तो नुसता थरथर कापते. मंग सोडते ती त्याले.

भागीरथा — हं. अन् हे तू मले कावून ऐकवून राह्यली?

शालू — आता घ्या! तुमीच तर इचारलं.

भागीरथा — मी काई दुधखुळी नाई. धर्मपाल बी असाच. परवा तू नुसतं ‘अवो’ म्हटलं, अन् भरल्या ताटावरून उठला. माह्या हाकेले असा कधी उठला नाई.

शालू — दूध उतू जाऊन राह्यलं होतं, आत्याबाई. माझे हात पिठात होते.

भागीरथा — असंन. पन माही खाट मागच्या खोलीत कावून टाकली?

शालू — तिथं वारं येते. आमी तर अंगणातच झोपतो.

भागीरथा — वारं येते म्हणे! कोपरा हाये तो. धर्मपालचा बाप गेला, तवा हा म्हणे, माय, पातूरले एकटी कायले राह्यते, चाल माह्यासंग. मी आली. आता समजलं मले. दोघांची जोडी जमली का तिसऱ्याले कोपरा. मी सकाऊनच्या मोटारीनं पातूरले चालली.

शालू — पातूरले कोण हाये तुमचं?

भागीरथा — भिताडं हायेत. ते तरी शेपटी कुरतडत नाईत.

शालू — रागावू नका. एक बोलू?

भागीरथा — बोल्ल्याबिगर तू राह्यतेस का?

शालू — तुमी आल्यापासून भाजीत मीठ टाकायच्या आधी मी तुमच्या तोंडाकडं पाह्यते. हे कामावरून आले का सरळ तुमच्या खाटेवर जाऊन बसतात. माय-लेक हसून-बोलून राह्यता, अन् मी चुलीपाशी. लय जीव जळते माझा, खोटं कायले बोलू? मले वाटे, मोठी म्हणजे तुमी. अन् कोपऱ्यातली मी.

भागीरथा — तू?

शालू — व्हय.

भागीरथा — बनवून राह्यली तू मले. कोपऱ्यातल्याची येवढी माया हाये, तर त्या बारक्याले उपाशी कावून ठेवते? मी कालपासून पाहून राह्यली. सुकटीची पूड टाकते तू, अन् सारी ते दोघंच खातात.

शालू — एकट्या हातानं जमत नाई ना! एकानं या टोकाले पूड टाकायची, म्हणजे दोघं इकडं धावतात. त्याच टायमाले दुसऱ्यानं तिकडं कोपऱ्यात सोडायची. रोज हे असतात संगं. काल परीक्षेच्या कामावर अकोल्याले गेले, अन् सारा घोटाळा झाला.

भागीरथा — म्हणजे तो कालपासून उपाशी?

शालू — व्हय. मेला तर कॉलेजवाले यांनाच धरतील. पण त्याहून मले त्याच्याकडं पाह्यवत नाई.

भागीरथा — अन् घरात मी बसेल हावो, तर मले सांगता येत नवतं?

शालू — तुमी म्हटलं असतं, सून मले माशांच्या चाकरीले लावते.

भागीरथा — म्हटलं असतं. हो, म्हटलंच असतं मी.

शालू — म्हणून गप बसली.

भागीरथा — कुठी हाये ती पूड?

शालू — फळीवर, पितळी डब्बीत.

भागीरथा — आन. चिमूटभर माह्या हातावर दे. तू तिकडल्या टोकाले जा अन् त्या मोठीले बोलाव तुह्याकडं. मी अठी कोपऱ्यावर हावो.

शालू — अन् सकाऊनची मोटार?

भागीरथा — आदी पूड टाक. तो पाहून राह्यला.