मालक जेवलेले नाहीत

...आणि वर ती पोरगी मलाच विचारते, ‘काका, हे कुणी सांगितलं?’ अहो, दुकान माझं, नळ माझे, पाइप माझे, सांगणार कोण? शेजारचा न्हावी?

तुम्हाला सांगतो, मला बिलापुरतं एक साधं सॉफ्टवेअर हवं होतं... साधं! पण ही कॉम्प्युटरवाली गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसली आणि जो जे बोलेल ते टिपायला लागली. का? तर म्हणे, ‘मागितलेलं काही सुटायला नको, न मागितलेलं काही घुसायला नको. यंत्रातला कुठलाही नियम धरून मागं गेलं, की सांगणारा माणूस सापडलाच पाहिजे!’ मी खूश! म्हटलं, ‘मग हेही घाल, एकाचं सांगणं दुसऱ्यानं पुसायचं नाही.’ आमचे मेहुणे येता-जाता लुडबुड करतात ना, त्यांच्यासाठी हो! तिथंच घात झाला.

कारण तेवढ्यात आमची ही चहा घेऊन खाली आली. घर दुकानाच्या वरच. माझ्या साखरेवरून डॉक्टरांची बोलणी खाल्लेली हिनं! म्हणाली, ‘हे बघ बाळ, तुझ्या यंत्रात एवढं घाल, दुपारी हे जेवल्याशिवाय दुकान चालू होता कामा नये.’ मी हसलो. पोरगी कुठली हसतेय! ‘काकू, जेवले हे ठरवणार कोण?’

‘मी!’

झालं. सॉफ्टवेअर आलं. पहिल्याच दुपारी ठेकेदार दारात... अख्ख्या इमारतीचे नळ घेणारा माणूस! बाहेर ट्रक, ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, मी बटण दाबतो, तर पडद्यावर काय? ‘मालक जेवलेले नाहीत!’

ठेकेदार म्हणतो, ‘शेठ, त्यात माझ्या नळांचा काय दोष? समोरच्या दुकानात जाऊ?’ समोरच्या! तो मेला दारात उभा राहून हसतच होता!

पोरीला फोन लावला. ओरडलो, ‘हे कुणी सांगितलं?’

‘काकूंनी. तुमच्यादेखत. टिपलेल्या यादीखाली तुमची सही आहे.’

‘काढून टाक!’

‘ज्यानं मागितलं त्यानंच मागं घ्यायचं, काका. एकाचं सांगणं दुसऱ्यानं पुसायचं नाही.’

‘हे आणखी कुणी...’ म्हणता म्हणता माझीच जीभ अडखळली हो!

काय करता? चढलो जिना. मागं ठेकेदार, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्याला दंडाला धरूनच नेलेला! ही शांत. दोन ताटं वाढली. मी भराभरा गिळायला लागलो, तर ‘अहो, चावून!’ ठेकेदार मात्र असा रमला की खालचा हॉर्न त्याला ऐकूच येईना! शेवटी हिनं आपला मोबाइल घेतला, पोरीनं त्यात दिलेल्या ‘जेवले’च्या बटणावर बोट ठेवलं, आणि खाली दुकान सुरू!

म्हटलं, आता ही खुशीत आहे. हळूच म्हणालो, ‘अगं, तेवढी ती अट काढून टाक ना. गिऱ्हाइकांची गैरसोय होते.’

हिनं ठेकेदाराकडे पाहिलं. ‘होय का भाऊजी? हे कुणी सांगितलं?’

मीही आशेनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ताट पुढं केलं. ‘मी नाही हं, वहिनी! उद्यापासून मी याच वेळेला येत जाईन...’

मग मीपण ताट पुढं केलं. म्हटलं, ‘कुणी नाही गं... भाजी वाढ.’