संस्थेच्या विहिरीची ओटी

अर्जुनराव: हिरवं नको. तुळशीपुढं हिरवं उठून दिसत न्हाई, असं कॅमेरावाला म्हणला. ते डाळिंबी नेस.

वत्सलाबाई: आज सोमवार आहे. सोमवारी मी पांढरं नेसते.

अर्जुनराव: दूरदर्शनवर पांढरं? लोक म्हणतील, चेअरमन गेला का काय!

वत्सलाबाई: असं अभद्र बोलू नये हो. नेसते डाळिंबी. पण विचारणार काय, ते तरी सांगा. मागच्या खेपेला नुसता नारळ फोडायचा होता. बोलायचं नव्हतं.

अर्जुनराव: सोपं हाय. दुष्काळात पाणी आणणाऱ्या बायांचा कार्यक्रम हाय. ती बाई इचारील, गावात पाणी कसं आलं? तू म्हणायचं, दूध संस्थेनं बांधबंदिस्ती केली, बायांनी श्रमदान केलं, चेअरमन साहेबांनी पाठपुरावा केला.

वत्सलाबाई: स्वतःच्या नवऱ्याला साहेब म्हणू?

अर्जुनराव: बरं, ‘आमचे मालक’ म्हण. अन् मुलाखत हितंच, तुळशीपाशी. विहीर बघायची म्हणले तर चहा पुढं करायचा.

वत्सलाबाई: विहीर कोरडी पडून तीन आठवडे झाले.

अर्जुनराव: टीव्हीत भरलेली हाय ना.

वत्सलाबाई: त्या टीव्हीवर बघूनच तहसीलनं आपला टँकर बंद केला. बाया दीड कोसावर हापशाला जातात. मी देवाला आता पळीभरच पाणी घालते.

अर्जुनराव: हे बघ, बक्षिसाची समिती महिनाअखेर बसती. बक्षीस आलं की सिमेंटचा बंधारा, मंजूरच समज. मंग खरं पाणी. खऱ्या पाण्यासाठी चार दिवस उसनं पाणी दाखवलं, एवढंच. कुणाचं काय वाईट झालं, सांग की.

वत्सलाबाई: चौदा टँकर ओतलेल्या पाण्याला मी हळदकुंकू वाहिलं. खणानारळानं ओटी भरली. गंगा म्हणून हात जोडले. माझं वाईट झालं.

अर्जुनराव: ते तुझं अन् देवाचं हाय, तुमी मिटवा. एक उपास जास्ती धर. मी फाट्यावर जाऊन गाडी बघतो.

(अर्जुनराव जातात. जरा वेळानं छबूबाई पदराखाली ताट झाकून अंगणात येते.)

छबूबाई: वत्सा, हायेस का गं?

वत्सलाबाई: छबू! ये, ये. उन्हाची कशाला आलीस? टेक जरा.

छबूबाई: टेकत न्हाई. एका माहेरची आपण, म्हणून उगंच आडपडदा ठेवत न्हाई. हे घे. खण हाय, नारळ हाय, सव्वाशेर तांदूळ हायेत. संस्थेच्या विहिरीची ओटी परत भर. तुझ्याच हातानं.

वत्सलाबाई: परत कशाला?

छबूबाई: पाणी काहून गेलं, ते कळलंय आता. दोष माझ्याच घरात हुता. काढला मी.

वत्सलाबाई: काय काढलंस?

छबूबाई: सुंदराला धाडलं तलवाड्याला. सकाळच्या गाडीनं.

वत्सलाबाई: सुनेला? माहेरी? तुझा उत्तरेश्वर तर ऊसतोडीला गेलाय. त्याच्या माघारी?

छबूबाई: त्याला फोन केलता. तो म्हणला, आये, तू म्हणशील तसं. आता तिला आणायचीच न्हाई म्हणते मी.

वत्सलाबाई: अगं, पण तिनं केलं काय?

छबूबाई: संस्थेच्या हालमधी टीव्हीवर पूजेचा कार्यक्रम लावला तवा तू आली न्हवतीस. टीव्हीत तू आरती ववाळतीस अन् मागं पायरीवर सुंदरा. कळशी भरून तुझ्या हातात देती. सगळ्या गावानं बघितलं. शेजारची भामाबाई उठून म्हणली, अगं बया, ही तर त्या दिवसात बाहेरची व्हती! तिनं बोटावर दिवस मोजून दावले.

वत्सलाबाई: भामाबाई कोण मोजणारी? सुंदरा काय म्हणाली?

छबूबाई: ती म्हणली, आत्या, मी पूजेनंतर दोन रोजानं बाजूला बसले. तुमीच मला ताट सरकवलं, आठवा. मला न्हाई आठवत. दुष्काळात कुणाला दिवस आठवत्यात?

वत्सलाबाई: मग तिचं खरं का नाही मानलंस?

छबूबाई: कसं मानू? तुझी पूजा व्हती वत्सा! सोळा सोमवार करणारी तू. चतुर्थी चुकवली न्हाईस कधी, कुणाला खोटं बोलली न्हाईस. तुझ्या हातनं गंगा आली अन् चार दिवसांत गेली. तुझ्यात तर खोट असणार न्हाई. मंग ती कुणात असंल? मी लई रडले. पर हिशोब तिच्यापाशीच येऊन थांबायचा.

वत्सलाबाई: छबू, बस. बस म्हणते ना.

छबूबाई: अगं, तू कशाला रडतीस? पोरगी काय तुझी गेली?

वत्सलाबाई: पूजेच्या आदल्या दिवशी अंगारकी होती. संस्थेच्या गाड्यांनी सगळं गाव लिंबागणेशला दर्शनाला गेलं होतं.

छबूबाई: व्हय. दाजींचं पुण्य. फुकट नेलं, येताना केळी बी वाटली. तू आली न्हाईस. तुझा पाय दुखत हुता.

वत्सलाबाई: पाय दुखत नव्हता. मी घरी पिठलं-भाकरी करत होते. टँकरवाल्यांसाठी.

छबूबाई: कसले टँकरवाले?

वत्सलाबाई: चौदा टँकर आले होते. तुम्ही तिकडं गणपतीपुढं हात जोडत होता, तेव्हा ते संस्थेच्या विहिरीत रिकामे झाले. तळाला खडक फुटलेला आहे, पाणी ठरणारच नव्हतं. टीव्हीवाले येऊन जाईपर्यंत टिकलं, तेवढंच.

छबूबाई: तुला ठावं व्हतं?

वत्सलाबाई: हो.

छबूबाई: ओटी भरताना?

वत्सलाबाई: हो.

छबूबाई: मंग देवाला काय म्हणलीस गं?

वत्सलाबाई: काही म्हणाले नाही. डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, मी नामस्मरण करतेय.

अर्जुनराव: आली, गाडी आली! पारापाशी माणसांचं चित्रीकरण चाललंय, पाच मिंटात हितं येतील. अगं, तू अजून तशीच? अन् छबूबाई, तुमी कशा काय?

छबूबाई: दाजी, एकच इचारते. टँकर आलते का?

अर्जुनराव: कसले टँकर? हिनं काय सांगितलं? उपासानं डोकं फिरलंय हिचं.

छबूबाई: हिचं सोडा. माझ्याकडं बघून सांगा. माझी सून मी घराबाहेर काढली त्या पाण्यापायी.

अर्जुनराव: सून? काहून काढली?

वत्सलाबाई: तिच्या विटाळानं पाणी गेलं, म्हणून. मघाशी तुम्ही विचारलंत ना, कुणाचं काय वाईट झालं?

अर्जुनराव: हे मला ठाऊक न्हवतं. देवाशपथ न्हवतं. ... जरा हळू बोला दोघी. छबूबाई, मी गावासाठीच केलं वो. बंधारा झाला तर तुमच्याच रानाला पाणी. महिनाभर थांबा. मी स्वतः जाऊन सुनेला वाजतगाजत आणतो.

छबूबाई: महिनाभर ती काय म्हणून ऱ्हाईल तिथं? पाणी घालवलेली बाई म्हणून? दाजी, तलवाड्यात बी टीव्ही हायेत.

वत्सलाबाई: चल छबू. बीडची गाडी मिळेल अजून. तिथून तलवाडा. मी येते, तिच्या आईबापापुढं मीच सांगते.

अर्जुनराव: अगं, अन् मुलाखत? ते लोक मुंबईहून आलेत. काय सांगू त्यांना?

वत्सलाबाई: चहा पुढं करा.

अर्जुनराव: वत्सला, मी पाया पडतो तुझ्या. आज एक दिवस.

वत्सलाबाई: असं करू नका. तीस वर्षांत तुमचा शब्द मी खाली पडू दिला नाही. आता बोलायची वेळ आली तर टीव्हीपुढंही बोलेन. ते दाखवणार नाहीत, ते राहू द्या. पण आधी त्या पोरीपुढं बोलते. सरका, चप्पल घालू द्या.

छबूबाई: वत्सा, तू सांगशील. मानतील बी ते लोक. पर ती यील का गं?

वत्सलाबाई: येईल. समजूतदार आहे पोरगी.

छबूबाई: म्हणून तर भ्या वाटतं. भांडली असती तर बरं झालं असतं. पिशवी घेतली, वाकून पाया पडली. म्या पाय मागं घेतला.

वत्सलाबाई: छबू, उन्हातून आलीस, तोंड सुकलंय. तांब्या देते, दोन घोट पाणी पी अन् मग निघू.

छबूबाई: नको. पाण्याचं नाव काढू नको.

वत्सलाबाई: असं का म्हणतेस?

छबूबाई: रातीच उठून, मी जागी व्हायच्या आत ती हापशावर जाऊन आली. दोन खेपा केल्या दीड कोसाच्या. माझा गुडघा दुखतो म्हणून रांजण काठोकाठ भरून, फडकं बांधून गेली. अन् वत्सा, म्या ते इटाळाचं म्हणून सगळं म्हशीपुढं वतलं.