मिशा लांब की आखूड

—नाही, हात नको लावूस! आधी झाकण ठेव त्या डब्यावर. हां. अगं यी-च्युन, ल्यान सरांची लेक तू, एवढीशी होतीस तेव्हापासून या शोभेच्या माशांच्या दुकानात काचेला नाक लावून उभी राहायचीस — तुला मी नाही म्हणेन? डॉक्टरांना यातल्या जिवाचं नाव लिहून पाहिजे ना, देतो की. पण नाव सांगणं म्हणजे काय खेळ आहे? पोवळ्याच्या दगडाबरोबर काय काय फुकटात घरात घुसतं, तुला कल्पना नाही. केसाळ किडे असतात — ते बिचारे गरीब, उगाच बदनाम. पांढऱ्या चिंधीसारखी गोगलगाय असते, ती पोवळं सोलून खाते. आणि कचराफूल — एक आलं की महिन्यात शंभर, शेजारच्या पोवळ्यांना डंख मारून मारून संपवतं. त्यालाच तर घाबरले होते तुझे वडील. त्यांचं ते निळं पोवळं, सहा वर्षं वाढवलेलं — तुझी आई गेल्यापासून त्याच्याशीच बोलायचे ना?

काय? ऑक्सिजनवर? फोनवर तर नुसता खोकला म्हणालीस... हो, हो, लिहितो. पेन कुठं गेलं —

हे बघ, दोष माल मागवणाऱ्यांचा आहे. बंदरात पेट्या उतरवतात, दगड उलटा करून बघायचे कष्ट नकोत, स्वच्छ म्हणून शिक्का मारतात आणि आमच्या गळ्यात बांधतात. भांडलोय मी त्यांच्याशी, विचार कोणालाही! आणि ते मोबाइलवरचे गट — जो तो पंडित. कोणी म्हणतं लिंबू पिळा, कोणी म्हणतं सुपारीवालीकडचा चुना भरा. मी तीस वर्षं या पाण्यात हात बुडवून आहे. मला ओळखता येतं. समोर असलं तर. फोनवर माणूस जे सांगेल त्यावरच जायचं ना?

हो, मलाच केला होता फोन. सोमवारी. तुला माहीत नव्हतं? ...बरं. आता तोंडातून गेलंच. म्हणाले, ‘आ-खुन, तपकिरी आहे, मधे तोंड, कडेनं मिशा.’ मी जेवत होतो. म्हटलं, सर, मिशा म्हणजे कचराफूलच! दगड भाताच्या विजेच्या कुकरात ठेवा, बाहेरच्या भांड्यात वाटीभर पाणी, बटण दाबा — बटण वर उडालं की कीड खलास. वर म्हटलं, आलं घालायला विसरू नका. हसलो आम्ही दोघं. अगं, आपण सगळंच नाही का त्यात घालत — बाळाची बाटली, कालचा भात — वाफ लागली की सगळं मरतं, हेच डोक्यात. आणि या कीलुंगच्या पावसात खिडकी कोण उघडतं? त्यांचं ते दीड खोलीचं घर...

मी विचारलं नाही — मिशा लांब की आखूड. एवढंच विचारायचं होतं. लांब, टोकदार, हात नेला की सळकन दगडात, ते कचराफूल. आखूड, पापण्यांसारख्या, आणि एकाला एक चिकटून चटई झालेली, ते बटण-पोवळं. त्यातल्या काहींत विष असतं — ते वाफेनं मरत नाही, वाफेबरोबर थेट छातीत उतरतं. मला माहीत होतं! हेच तर — माहीत होतं, पण ताटलीतल्या नूडल्स गार होत होत्या.

डब्यातला हा तुकडा कुकरात मावला नाही म्हणून राहिला, असंच ना? पापण्या आहेत त्याला. आखूड. तू झाकण उघडलंस तेव्हाच दिसल्या. दहा मिनिटं झाली, यी-च्युन, दहा मिनिटं मी तुला किडे मोजून दाखवतोय.

घे. बटण-पोवळं. खाली विषाचं नाव. ‘वाफ छातीत गेली.’ आणि खाली सांगणारा — च्वांग खुन-त्साय, दुकानदार. त्यांना वाचता येईल ना? शिव्या दे मला, पण धावताना दे. डबा इथंच राहू दे. घरी पाऊल टाकू नकोस, त्या कुकरला कुणाला हात लावू देऊ नकोस. आता का थांबलीस? काय म्हणालीस?

...हा कुकरचा उपाय मी आणखी कोणाकोणाला सांगितला?

जा तू. जाताना शटर खाली ओढ, पुरं. मला फोन लावायचेत.