घराचा कागद आणि एदुविहेसचा कोंबडा

नाही पण तुम्हीच सांगा, घर माझं, न्हाणीघर माझं, आंघोळ मी करणार, आणि कागदावर सही मात्र एदुविहेसची? जिच्याशी मी बावीस वर्षं बोललो नाही त्या बाईची? अहो, दोन घरांत भिंत एकच, ती शिंकली की माझा कॉफीचा कप हलतो, पण अबोला म्हणजे अबोला!

तर झालं काय, तुम्हाला सांगतो, आमची ही खाडीकाठची वस्ती आमच्या आज्यांनी चिखलात भर टाकून उभी केली, कागद कुणाकडेच नाही. तेव्हा इकडे कुत्रं फिरकत नव्हतं, आणि आता पलीकडे सान हुआनच्या बँकांचे टॉवर उठल्यावर रोज एक काळा चष्मा दारात... ‘काका, जागेचे किती घेणार?’ म्हणून सभा घेतली, ठरवलं, जमीन वस्तीच्या ट्रस्टची, ती कध्धी विकायची नाही, आणि घराचा पक्का कागद ज्याच्या त्याच्या नावावर. जमीन सगळ्यांची, घर माझं! सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं? मीच! दोन्ही हात वर करून!

आणि कागद हवाच होता हो. वादळात छप्पर उडालं, तेव्हापासून डोक्यावर निळी ताडपत्री. सरकारी माणूस येतो, ‘मदत देऊ की, घराचा कागद दाखवा.’ नाही? मग बसा ताडपत्रीखाली! आणि जून तोंडावर, जून म्हणजे पुन्हा वादळं... डोळ्याला डोळा लागेल का?

मोजणीला ट्रस्टची यारित्सा आली. पोरगी गुणाची, पण टेप लावला आणि म्हणते कशी, ‘डॉन अन्सेल्मो, तुमचं न्हाणीघर दोन वीत डोन्या एदुविहेसच्या हद्दीत गेलंय. त्यांची सही आणा.’ म्हटलं, अगं, जमीन सगळ्यांची ना? ‘जमीन सगळ्यांचीच, पण तुमचं घर कुठे संपतं ते शेजाऱ्याने मान्य करायला नको?’ घ्या!

गेलो. मान खाली घालून गेलो. बाई पंख्याने वारा घेत बसलेली. ‘देते की सही. आधी भर सभेत कबूल कर, माझा जनरल तू खाल्लास.’ जनरल म्हणजे कोंबडा! बावीस वर्षं मी सांगतोय, मुंगसाने नेला, मुंगसाने नेला... म्हटलं, बाई, तो माझ्या दारात होता, आणि जमीन... ‘जमीन सगळ्यांची असेल मेल्या, कोंबडा माझा होता!’

आता काय करता? छप्पर मोठं की अब्रू? उभा राहिलो सगळ्या वस्तीपुढे. म्हणालो, ‘खाल्ला. म्हणजे, शिजवला. बायको अंथरुणाला खिळलेली, डॉक्टर म्हणाला कोंबडीचा रस्सा द्या, आणि घरात नुसता तांदूळ...’ एदुविहेस उठली, ‘हे तेव्हाच बोलला असतास तर मीच मान मुरगाळून आणून दिला असता, गाढवा!’ आणि ठोकली सही. माझे डोळे भरले, खोटं कशाला सांगू?

कागद आला, नवा कोरा पत्रा चढला... आणि दुसऱ्याच पहाटे त्या पत्र्यावर कोण? तिचा नवा कोंबडा! नरडं फाडून आरवतोय! मी ओरडलो, ‘घर माझं आहे!’ भिंतीपलीकडून उत्तर, ‘हवा सगळ्यांची!’

असो. आता मला इथून कुणी माईचा लाल हलवू शकत नाही, कागदच तसा पक्का आहे. फक्त हात वर करताना एक डोक्यात आलं नाही हो... तस्साच कागद तिच्याकडेही आहे!