एक शेड तुपाशी

...आणि विष्ठा हातात घेऊन माणूस एवढा खूश होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं! माझी नव्हे हो, कोंबडीची! आणि खूश कोण, तर आमचे डॉक्टर, म्हणजे कोंबड्यांचे डॉक्टर, अगदी पोरगेलेसे, खिशाला तीन पेनं. शेडमध्ये उकिडवे बसले, दोन बोटांत ती गोळी धरली, सोनार खडा फिरवतो तशी उजेडात फिरवली आणि म्हणाले, "काका, सगळं पोटात असतं!"

आता तुम्हाला सांगतो, वीस वर्षं मी ब्रॉयलर पाळतोय आणि वीस वर्षं माझ्या छातीत जळजळ आहे. खिशात किल्ल्या दोन आणि पित्ताच्या गोळ्या बारा. जेवलो की घसा असा पेटतो की कंदील लावायला नको! पण माझ्या पोटाची कधी कुणी चौकशी केली? नाव नको! चार हजार कोंबड्यांची आतडी मात्र सगळ्यांच्या तोंडी.

झालं काय, की एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराला अँटिबायोटिक न दिलेल्या कोंबड्या हव्या होत्या. दर आठवड्याला, वर्षभर. असं काम मिळालं की माणूस छप्पर बदलतो, आणि आमचं छप्पर म्हणजे चाळणी. काम आम्हाला द्यायचं की ओढ्यापलीकडच्या फार्मला, ते ठरणार डॉक्टरांच्या कागदावर; औषधाविना कोंबड्या कशावर टिकतात, ते मोजमापासकट लिहून हवं होतं. डॉक्टरांनी डबा उघडला. लसूण, हळद, दालचिनी, ओवा, सगळ्याची पावडर. वर पिण्याच्या पाण्यात थेंबभर व्हिनेगर.

मी म्हटलं, "डॉक्टर, मीठ तेवढं राहिलं, नाहीतर कोंबडी चालता चालताच मुरली असती!"

हसले नाहीत. शिकलेली माणसं... "वाईट जंतू हटतात, चांगले टिकतात, खाल्लेलं अंगी लागतं, लिटर कोरडं राहतं. सगळं पोटात असतं, काका." लिटर म्हणजे खाली अंथरलेला भुसा हो. पोट बिघडलं की त्याचा चिखल होतो आणि मग शेडमध्ये डोळे उघडून शिरणारा माणूस अजून जन्मायचाय.

तर ठरलं असं. पहिल्या शेडला पावडर आणि व्हिनेगर, दुसऱ्या शेडला नुसतं खाद्य-पाणी, अँटिबायोटिक कुणालाच नाही, आणि पस्तिसाव्या दिवशी वजन. फरक दिसला, की काम आमचं!

आमची ही चहा घेऊन दारात उभी. म्हणाली, "आणि दुसऱ्या शेडला काय?"

"काही नाही, काकू. ती तुलनेसाठी."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

हिने कप उचलले. डॉक्टरांच्या कपात निम्मा चहा होता, तोही उचलला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण संसारात माणसाला वेळेवर कळतं काय?

पहिली शेड माझ्याकडे, दुसरी हिच्याकडे, ही आमची जुनी वाटणी. आठवडा गेला आणि माझं जेवण मिळमिळीत व्हायला लागलं. आधी लसूण गायब. मग हळद. भाजी अशी पांढरीफटक, की ताटात ठेवली की आजारी वाटावी! मनात म्हटलं, काय चुकलं आपलं? हिच्या भावाला काही बोललो का? विचारणार कोण? बावीस वर्षांच्या लग्नात मी एवढं शिकलोय, की भाजी बोलत नसेल तर आपणही बोलू नये.

इकडे पहिल्या शेडला असा खमंग वास सुटला, की दोन वाटसरू सायकली टेकवून आत आले आणि म्हणाले, "जेवण तयार आहे का?" पिल्लं अशी वाढली, की आम्हाला दार रुंद करावं लागलं. बरं, एक कोंबडा माझ्याकडे बघून ढेकर देऊन गेला, आता यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, नका ठेवू.

पण दुसरी शेड? तीही तशीच! भुसा कोरडा, पिल्लं ठणठणीत, आणि वासही तोच! हिला विचारलं, तर म्हणाली, "वारा तिकडचा आहे." मी म्हटलं, असेल.

पस्तिसावा दिवस. डॉक्टरांनी काटा टांगला, दोन्हीकडच्या शंभर शंभर कोंबड्या तोलल्या आणि मान हलवली. "काका, दोन्ही शेड सारख्या. फरक शून्य. म्हणजे पावडरचा उपयोग नाही."

"सारख्या ना?" ही मागून म्हणाली. चेहरा असा फुललेला, जशी काही दोन्ही पोरं पास झाली! "सारख्याच येणार. दुसऱ्या शेडला मी घरात वाटून घातलंय. लसूण, हळद, सगळं. मिक्सर जळला, मग पाट्यावर वाटलं."

डॉक्टरांचं एक पेन खाली पडलं. "काकू! पण ती तुलनेसाठी होती!"

"एक तुपाशी, दुसरा उपाशी? माझ्या अंगणात? माहेरी भावाला साय मिळायची आणि मला रिकामी वाटी चाटायला. मीही तुलनेसाठीच होते का हो, डॉक्टर?"

आता यावर कुठलं कॉलेज उत्तर शिकवतं? डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बरं, प्रमाण सांगा. तेच लिहितो. किती ग्रॅम?"

"मूठभर."

"मूठ कुणाची?"

"माझी. जरा रोड दिसली पिल्लं, तर दोन मुठी."

कागदावर मुठीचा रकाना नव्हता. हॉस्पिटलचं काम ओढ्यापलीकडे गेलं. गळक्या छपराखाली बादल्या आहेत तिथेच आहेत.

डॉक्टर फटफटीला किक मारता मारता थांबले आणि म्हणाले, "काका, गोळ्या दिसत नाहीत आज खिशात?" मी खिसा चाचपला. खरंच की! तीन आठवडे एकही गोळी नाही, जळजळ नाही, घसा थंडगार! वीस वर्षांचं दुखणं गेलं, कारण घरातला सगळा मसाला कोंबड्यांनी खाल्ला आणि मी मिळमिळीत जेवलो.

म्हटलं, "लिहा ना, डॉक्टर! फरक पडला! एवढ्या खटाटोपात एकाच पोटाला फरक पडला, आणि तेही ज्याला काहीच दिलं नव्हतं, त्याच्या!"

हे हिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात लसूण दुप्पट. म्हणाली, "अरे देवा, तुमच्यावर अन्यायच झाला की हो महिनाभर!"

...आहे का कुणाकडे पित्ताची गोळी?